मधोमध बसलेली पेशी

“मॅडम, हवा नाई मिळाली तर माणूस मरते. मंग कॅन्सरची पेशी काऊन नाई मरत?”

बोरगाव मेघेच्या समाजमंदिरात साऱ्या माना मागे वळल्या. आचल उभीच होती. मागून काजलने तिची ओढणी ओढली, “विचारलं वं खरंच!” मयुरीने तोंडात रुमाल कोंबला. ‘हिंमत असन तर मॅडमले विचारून दाखव’ अशी पैज या दोघी मैत्रिणींनीच लावली होती.

पहिल्या रांगेतून आचलच्या बाबांनी, चंद्रभानजींनी, वळून डोळे वटारले. त्यांच्या मते पोरीचा आणि कॅन्सरच्या पेशीचा काही संबंध नव्हता. दहावीचा निकाल लागला की तिने कॉमर्स घ्यायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. “सायन्स म्हणजे रगत, चिरफाड! हिचं बोट कापलं तरी हिले चक्कर येते. रगत पाहून उभी राहशीन ना, तवा सायन्सचं नाव काढजो.”

आणि आज समोर होत्या डॉ. पंचफुला थूल. अल्लीपूरच्या, सुती साडीतल्या, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या. पंचफुला नावाची बाई सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसते, या नुसत्या विचारानेच आचलचा ऊर सकाळपासून भरून येत होता.

घाम मात्र बाबांमुळे येत होता. कार्यक्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती; पाहुण्यांसाठी त्यांनी भलामोठा कूलर आणला आणि त्यांच्या साहेबांच्या एसी केबिनचं दार कायम लागलेलं असतं हे आठवून समाजमंदिराच्या झाडून साऱ्या खिडक्या बंद केल्या. फटींवर वर्तमानपत्रंही चिकटवली. “थंडी बाहेर जाऊ द्याची नाई!” कूलर बिचारा आतलीच ओली हवा आत फिरवत होता. भर एप्रिलमध्ये सगळी मंडळी इडलीसारखी वाफवून निघाली होती.

डॉक्टरबाईंनी पदराने कपाळ टिपलं आणि त्या हसल्या. “प्रश्न फस्क्लास आहे. उत्तर दाखवूनच देते. सगळी पोरं मधल्या सतरंजीवर या. चिकटून बसा, अजून चिकटून! ही झाली कॅन्सरची गाठ. पोरी, तू मधोमध बस. रक्त येतं कडेने. कडेच्या पेशी सगळा ऑक्सिजन घेतात, तुझ्यापर्यंत पोचतच नाही. आता मधल्या पोरींनो, काय कराल?”

“मी तर मेली!” काजल आडवी झाली.

“बरोबर. काही पेशी मरतात.”

मयुरी कडेला कूलरजवळ बसलेल्या पोराकडे पाहून ओरडली, “मी बाहेरच्याले आवाज देतो! ए नीरज, कूलर इकडे फिरव ना बे!”

“शाब्बास! पेशीही अश्शीच निरोप धाडते, आणि नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते.”

“शिस्त! शिस्त पाळा!” बाबा कडेने ओरडले. मधे कोणालाच ऐकू गेलं नाही.

“बघा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “औषधही असंच मधे पोचत नाही. आणि मधोमध बसलेली तू गं?”

“मी तं पळतो बाप्पा इथून!” आचल म्हणाली.

डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली. “हीच सगळ्यांत खतरनाक! हवा नाही म्हणून ही मरत नाही, हुशार होते. गाठ सोडते आणि दुसऱ्याच अवयवात जाऊन ठाण मांडते.”

आचलच्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारी एवढीशी पेशी, आणि तिचा हा डाव ओळखणारी अल्लीपूरची बाई!

तेवढ्यात नीरजने मयुरीचं ऐकून खरोखरच कूलर ओढला. टाकीतलं पाणी भसकन सतरंजीवर आलं आणि अख्खी गाठ किंचाळत उठून दाराकडे धावली. दारात बाबा हात पसरून उभे. “दार उघडू नका! थंडी जाईन!” पण गाठीने त्यांना बाजूच्या खिडकीवर लोटलं. खिडकीची कडी त्यांच्या अंगठ्यात घुसली. बाबांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला, रक्ताचा लाल थेंब पाहिला, “अरे बापरे” म्हणाले आणि भिंतीला घासत खाली आले.

झालं! आचलच्या आईसकट सगळी गर्दी त्यांच्याभोवती गोळा झाली.

“बाजूले व्हा!” आचल कडाडली. “पुन्हा गाठ करून राह्यले का? खिडक्या उघडा साऱ्या! आई, त्यायचे पाय वर धर, डोक्याकडे रगत जाऊ दे!” तिने ओढणी अंगठ्याभोवती गुंडाळून गच्च दाबून धरली. डॉक्टरबाई शेजारी बसल्या, बाबांची नाडी पाहिली आणि नुसती मान हलवली. हात काही त्यांनी मधे घातला नाही.

वर्तमानपत्रं फाटली, खिडक्या उघडल्या, खरी हवा आत आली. बाबांनी डोळे उघडले.

“थंडी... गेली का?”

“थंडी गेली अन् शुद्ध आली,” आई म्हणाली.

“अंगठ्याला काही विशेष नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “क्षणभर मेंदूला रक्त कमी पडलं. पोरीने नेमकं तेच पोचवलं.”

तेव्हा कुठे आचलचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. ओढणी लाल झाली होती, बोटंही. तिने चक्कर येण्याची थोडी वाट पाहिली. चक्कर आलीच नाही. बाबांनी मात्र ओढणीकडे एकदा पाहिलं आणि घाईने डोळे मिटून घेतले.

“आई, बाबा,” अंगठा न सोडता आचल म्हणाली, “आत्ताच सांगून ठेवतो. मी सायन्स घेऊन राह्यली. कॉमर्स तुमच्या तब्येतीले चांगलं आहे, बाबा. ते तुम्हीच घेजा.”