बाकोबाची जर्सी

"आमचा संघ म्हणजे समुद्र आहे, समुद्र! वर तुम्हाला पाच लाटा दिसतात. खाली किती खोल आहे ते समोरच्याला बुडाल्यावरच कळतं!"

हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी कोचसाहेबांनी पत्रकारांना असं ठणकावून सांगितलं. पत्रकारांनी ते मान डोलावत लिहून घेतलं. त्याच वेळी त्या समुद्राचा तळ, म्हणजे संघाचे सात राखीव खेळाडू, मागच्या दारानं पाण्याचे कॅन आत ओढत होते. कॅन आणणाऱ्या माणसाला कोचसाहेबांनी केव्हाच काढून टाकलं होतं. सात धट्टेकट्टे बाप्ये फुकट बसलेले असताना वेगळा माणूस हवाय कशाला?

या सातांतला सर्वांत जुना तो बाकोबा. आईवडिलांनी त्याचं चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं होतं, पण सहा हंगाम एकाच बाकाच्या एकाच टोकाला बसून काढल्यावर ते नाव कोणाच्या लक्षात राहणार? बास्केटबॉलच्या त्या क्लबात शिपायापासून मालकापर्यंत सगळे त्याला बाकोबाच म्हणत. बाकाला चार पाय आणि पाचवा हा, अशी त्याची ख्याती होती.

कोचसाहेबांचं तत्त्वज्ञान साधं होतं. पाच जण चांगले आहेत ना? मग तेच पाच पळवायचे, पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत! संघाला मालिश करणारे काका अधूनमधून धीर करून म्हणायचे, "साहेब, राखीव पोरांना दर सामन्यात थोडंथोडं उतरवत जा. पाच माणसं पळून पळून किती पळणार? बाकावर भरवशाची माणसं असली की संघ शेवटपर्यंत टिकतो. आयत्या वेळी उतरवलीत तर तीही बिचारी गांगरतील."

"काका, तुम्ही पोटऱ्या चोळा," कोचसाहेब म्हणायचे. "डोकं चालवायला मी आहे."

ते डोकं सरावात चालायचं ते असं. राखीव खेळाडूंना पिवळे बनियन चढवायचे आणि त्यांना समोरचा संघ बनवायचं. त्यांनी मुख्य पाच जणांना अडवायला धावायचं, पाच जणांनी त्यांना चुकवून पुढं जायचं. संघाचा हुकमी खेळाडू, ज्याला सगळे हिरो म्हणत, तो बाकोबासमोर यायचा, डावीकडे झुकल्यासारखं करायचा आणि उजवीकडून निसटायचा. बाकोबानं दर वेळी डावीकडे उडी मारायची. एकदा त्यानं चुकून उजवीकडे मारली आणि बॉल काढून घेतला, तर कोचसाहेब केवढ्यांदा ओरडले! "अरे, त्याचा आत्मविश्वास घालवतोस काय!" तेव्हापासून बाकोबा इमानेइतबारे फसत आला होता.

पहिल्या हंगामात बाकोबा बाकावर बसायचा तो उडी मारायच्या तयारीत. नाड्या घट्ट, ट्रॅकसूटची चेन अर्धी उघडी! दुसऱ्या हंगामात चेन बंद झाली. तिसऱ्यात नाड्या सैल झाल्या. पाचव्यात त्यानं आत जर्सी घालणंच सोडून दिलं. कापड काखेत काचायचं, आणि ट्रॅकसूटच्या आत काय आहे हे बघायला येतंय कोण? घरचा बनियन काय वाईट होता!

आता घरची गोष्ट. बाकोबाची लेक बिट्टी नऊ वर्षांची. तिनं वर्गात छाती फुगवून सांगितलं होतं की माझे बाबा बास्केटबॉल खेळतात. त्यावर एक मैत्रीण म्हणाली, "खेळत नाहीत काही. आम्ही टीव्हीवर बघितलंय. ते नुसते टाळ्या वाजवतात." बिट्टीनं दोन दिवस डबा तसाच परत आणला. तिसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, की शेवटच्या सामन्याला ती स्वतः येणार, तीन मैत्रिणींना घेऊन येणार, आणि बाबांची जर्सी घालून येणार.

"अगं, पण त्यांना लागली तर?" बायको म्हणाली.

"सहा वर्षांत लागली नाही, ती आजच लागणार आहे होय?" बाकोबा हसला आणि कपाटातून जर्सी काढून त्यानं लेकीच्या अंगावर टाकली. "घे. मला लागत नाही."

हसला खरा, पण आतून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वय पस्तिशीला आलं होतं, गुडघे कुरकुरत होते, आणि हा आपला शेवटचा हंगाम आहे हे त्याला कोणी न सांगता कळत होतं. त्याला ना कप हवा होता, ना टाळ्या. एकदा, फक्त एकदा, लेकीनं आपल्याला कोर्टवर बघावं एवढंच त्याला वाटत होतं.

सामना महत्त्वाचा होता. जो हरेल तो खालच्या गटात जाणार! आणि समोरचा संघ कोणता? तर नेमका पिवळ्या जर्सीवाला.

पहिली दोन सत्रं आपल्या पाच जणांनी धमाल उडवली. हिरोनं तर असा काही धुमाकूळ घातला की कोचसाहेबांनी मालकांकडे वळून मिशीला पीळ दिला. पिवळ्यांचा कोच मात्र शांत होता. तो थोड्याथोड्या वेळानं दोघांना बाहेर घ्यायचा, दोघांना आत सोडायचा. आत जाणारा ताजातवाना, बाहेर येणारा पाणी पिऊन पुन्हा ताजातवाना. बाकावर कोण आणि कोर्टवर कोण, यात फरकच दिसेना.

"घाबरला बघा!" कोचसाहेब म्हणाले. "सारखी माणसं बदलतोय!"

तिसऱ्या सत्रात आपली मंडळी लागली धापा टाकायला. हिरोची जीभ बाहेर आली. काका पोटऱ्या चोळून चोळून स्वतःच घामाघूम झाले. "साहेब, बदला कोणालातरी!"

"इतक्यात नाही!"

शेवटच्या सत्रात आघाडी वितळून गेली आणि आपल्या एकाच्या पायात असा गोळा आला की त्याला उचलूनच बाहेर आणावं लागलं. पाठोपाठ दुसरा दमल्या हातांनी धक्के मारत मारत पाच फाउल भरून बाद झाला. आता मात्र इलाज नव्हता. कोचसाहेब मागं वळले आणि त्या हंगामात पहिल्यांदाच त्यांनी आपल्या बाकाकडे नीट बघितलं.

"हे काय? तिघंच? बाकीचे कुठे मेले?"

"तुम्हीच पाठवलेत, साहेब!" काका म्हणाले. "एक हिरोची गाडी धुवायला गेलाय. एक संघाला पैसे देणाऱ्या गादीवाल्यांच्या दुकानात जाहिरातीसाठी गादीवर झोपलाय. एक सगळ्यांसाठी जेवणाची पार्सलं आणायला गेलाय. आणि चौथ्याच्या बोटावर सकाळी पाण्याचा कॅन पडला."

उरले लंबू, चष्मा आणि बाकोबा. लंबू आणि चष्मा आत गेले. लंबूनं आल्या आल्या बॉल मिळवला, चारी बाजूंना बघितलं, आणि इतका सुरेख पास दिला की गॅलरी उठून उभी राहिली. पास पिवळ्याला होता! वर्षभर पिवळा दिसला की आपला, हेच त्या गरिबाच्या अंगात भिनलेलं. पिवळ्यानं दोन गुण केले, वर लंबूला हात जोडले.

चष्म्यानं तर कहर केला. सरावात पिवळा बनियन घालून तो नेहमी ज्या बास्केटवर हल्ला करायचा, त्याच बास्केटकडे तो वाघासारखा धावत सुटला. वाटेत कोणी अडवेना, याचंही त्याला नवल वाटलं नाही. उडी मारून त्यानं बॉल अलगद आत टाकला. आपल्याच बास्केटमध्ये! वर्षातली त्याची ही पहिली बास्केट. दोन्ही हात वर करून तो वळला, तेव्हा सगळं स्टेडियम पोट धरून हसत होतं आणि कोचसाहेब खाली बसले होते.

तरीही हिरोनं कसंबसं ओढून गुण बरोबरीत आणले. शेवटची काही क्षणांची झुंज उरली, आणि तेवढ्यात आपला आणखी एक गडी पाचव्या फाउलवर बाद!

"बाकोबा!" कोचसाहेब किंचाळले. "उतर!"

बाकोबानं आधी मागं वळून बघितलं, दुसरा कोणी बाकोबा आहे का म्हणून. मग तो ताडकन उठला. सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द कानात घुमत होता. त्यानं झोकात चेन खाली ओढली, सर्रकन! आणि तितक्याच झटक्यात वर केली. आत बनियन होता. पोटावर भोक असलेला.

"जर्सी कुठाय?"

"आहे साहेब. चौथ्या रांगेत."

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. कठडा ओलांडून, लोकांचे पाय तुडवत तो गॅलरीत चढला. बिट्टी तिथं राणीसारखी बसली होती. जर्सी घोट्यापर्यंत, कमरेला केसांची रिबीन, हातात संत्र्याचं सरबत, दोन्हीकडे मैत्रिणी.

"बिट्टे, जर्सी दे!"

"का?"

"खेळायला जायचंय!"

"कोणाला?"

"मला गं!"

मैत्रिणी खिदळल्या. बिट्टीचा चेहरा लाल झाला. "सकाळी तूच म्हणालास ना, मला लागत नाही म्हणून? मग आता का?"

भोंगा वाजला. पंचांनी हात वर केला. लेकीला काय सांगायचं? ज्या एका क्षणासाठी सहा वर्षं बाक झिजवला, तो तुझ्या अंगावर आहे, असं सांगायचं?

"अगं, दे बाबांना!" बायको ओरडली.

बिट्टीनं हात वर केले. जर्सी कानात अडकली. दोन मैत्रिणींनी ओढली, त्या ओढाताणीत सरबत जर्सीवर सांडलं. चार हजार माणसांसमोर बाकोबानं भोकाचा बनियन दाखवत ट्रॅकसूट फेकला आणि ओली, चिकट जर्सी डोक्यातून घातली. ती उलटी होती! काढून पुन्हा घातली. तोवर पंचांनी वेळ घालवल्याबद्दल शिक्षा दिली होती, पिवळ्यांनी तेवढ्यात एक फुकटचा बॉल मारून एका गुणाची आघाडी घेतली होती, आणि कोचसाहेबांच्या तोंडून जे बाहेर पडत होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाकोबा कोर्टवर आला. खरोखर आला! पायाखाली लाकडी जमीन, डोक्यावर दिवे, आणि चौथ्या रांगेत फ्रॉकमधली बिट्टी खुर्चीवर उभी.

बॉल हिरोकडे गेला. बाकोबा जिवाच्या आकांतानं धावला आणि थेट बास्केटखाली जाऊन उभा राहिला. एकटा! एकही पिवळा त्याच्या आसपास फिरकेना. हा सरबत सांडलेला माणूस खेळाडू असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. लंबू आणि चष्मा दोघंही "बाकोबाला दे! बाकोबाला दे!" म्हणून ओरडत होते. पण जे त्याला ओळखत होते त्यांच्या हातात बॉल नव्हता.

"हिरो! इकडे!" बाकोबानं हात वर केला.

हिरोनं बघितलं. नजरानजर झाली. बाकोबाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बॉल हातात येणार, दोन हातांवर बास्केट, लेक बघतेय!

हिरो त्याच्या दिशेनं धावत आला, डावीकडे झुकल्यासारखं केलं आणि उजवीकडून निसटला. सहा वर्षांची सवय! समोर बाकोबा दिसला की चुकवायचा.

आणि बाकोबानं काय केलं? त्यानं डावीकडे उडी मारली!

हिरो उजवीकडून निसटला तो तीन पिवळ्यांच्या मधोमध. बॉल गेला, भोंगा वाजला, संघ खालच्या गटात गेला. बाकोबा आडवा पडल्या पडल्या छताकडे बघत राहिला.

बाहेर कोचसाहेब पत्रकारांना सांगत होते, "माझे पाच जण जीव तोडून खेळले हो! घात केला तो बाकानं. मी आधीपासून म्हणतोय, आमचा बाक उथळ आहे!"

त्याच पत्रकारांनी तेही लिहून घेतलं.

"कालपर्यंत समुद्र होता," तेलाच्या बाटल्या पिशवीत भरत काका पुटपुटले. "एका दिवसात आटला."

परतीच्या बसमध्ये बिट्टी खिडकीशी बसली होती. मैत्रिणी पुढच्या सीटवर मागं वळून वळून कुजबुजत होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "तो तुझ्याच संघातला होता ना?"

"हो गं."

"मग तो तुला का चुकवत होता?"

"सवय, बाळा. त्याच्या लक्षातच आलं नाही, मी आपल्यातला आहे ते."

"आणि तू उडी का मारलीस?"

"मलाही सवय."

बिट्टीनं विचार केला. "म्हणजे जर्सी घालूनही तू त्याला दिसला नाहीस?"

"नाही दिसलो."

"मग माझी काढून कशाला घेतलीस? मी घातली होती तेव्हा सगळ्यांना दिसत होती!"

बाकोबानं चालत्या बसमध्येच ती चिकट जर्सी काढून लेकीच्या मांडीवर ठेवली, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि हाताची घडी घालून बसला. बसायचा सराव तेवढा होता.