माडबेटावरचा एकांत

"अंदमान? मालदीव? अगं, त्या लोकांनी आपलं रायगड बघितलेलं नाही, म्हणून जातात बिचारे तिकडे!"

केतन पलंगावर उताणा पडून मोबाईलवर नकाशा चोळत होता. "खांदेरी बघ, उंदेरी बघ, कुलाबा, जंजिरा, पद्मदुर्ग! नुसता बेटांचा पाऊस! तू फक्त बॅग भर. दोन दिवसांत इतकी बेटं दाखवतो, की तूच म्हणशील, पुरे!"

कल्पिताला बेटांचं वेड होतं अशातला भाग नाही. तिला वेड होतं एकांताचं, आणि बेटावर माणसं कमी असतात असं तिने ऐकलं होतं. उरणजवळच्या सासरच्या घरात माणसं मोजायची सोयच नव्हती. दीर, जावा, आत्या, केतनच्या ट्रेलरवरचे ड्रायव्हर, ड्रायव्हरांचे पाहुणे! त्यात गच्चीवर जायचा जिना नेमका या दोघांच्या खोलीतून. म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या, तरी यांच्या पलंगाला वळसा घालून. पापड उलटायचे, तरी तसंच. सासूबाई आत येताना खोकायच्या, हे खरं. पण आधी यायच्या आणि मग खोकायच्या.

हनिमूनचं गोव्याचं बुकिंग केतनच्या चुलतबहिणीच्या हळदीत वाहून गेलं होतं. घरातली हळद टाळून हनिमूनला जाणारा आगरी अजून जन्माला यायचाय! त्याला आता दोन वर्षं झाली. पनवेलच्या बँकेतून कल्पिताने साहेबांच्या हातापाया पडून दोन दिवसांची रजा काढली, फुलाफुलांचा लांब झगा घेतला, परातीएवढी गवती टोपी घेतली आणि केतनला एकच अट घातली.

"नातेवाईक नको. एकसुद्धा नको!"

"टेन्शनच नको घेऊ! आईला सांगितलंय, पुण्याला गाडीच्या कामाला चाललोय. कोणाला पत्ता लागणार नाही."

गाडीने वडखळ ओलांडलं तेव्हा कल्पिताने सहज विचारलं, "माडबेटाला जायला होडी कुठल्या कंपनीची ठरवलीस?"

"कंपनीची कशाला? धर्मामामाची होडी आहे ना!"

"केतन!" कल्पिताच्या टोपीने दचकून मान टाकली. "धर्मामामा म्हणजे तुझ्या आईचे चुलतभाऊ ना? ते नातेवाईक नाहीत?"

"अगं, ते होडीवाले म्हणून येणार, मामा म्हणून नाही! आणि मामाच्या गावच्या किनाऱ्यावरून परक्याच्या होडीत बसायचं? उद्या आपल्या दारात कोण पाय ठेवेल? मी त्यांना बजावलंय, कोणाला सांगू नका म्हणून."

इथेच गाडी मागे वळवायला हवी होती, हे तिला पुढे शंभर वेळा वाटलं. पण बाहेर भातशेती संपून सुरूची झाडं दिसायला लागली होती, आणि झग्याला अजून सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

धर्मामामांनी खरोखरच शब्द पाळला होता. सहा फूट उंच, मिशीवाला तो माणूस ओटीवर छातीला हात लावून सांगत होता, "केतन, तुझी शपथ, मी कोनालाच सांगितला न्हाय! फक्त मामीला."

गोदूमामी हसतच बाहेर आल्या. त्यांनी कल्पिताला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि एकदम डोळ्यांत पाणी आणलं.

"लाजू नको गो बाय. मना समाजला सगला. दोन वर्सं झाली लग्नाला, आनि घरात पालना न्हाय. चोरून माडबेटाला जाताव, म्हंजे तिथल्या बेटोबाला नवस बोलालाच ना?"

कल्पिताने केतनकडे पाहिलं. केतनने कल्पिताकडे पाहिलं. मग त्याने ओटीवर पाहिलं. तिथे मामा होते, मामांचे दोन म्हातारे शेजारी होते, आणि 'मुंबईकडची' सून बघायला आलेल्या चारपाच बायका होत्या. आता या सगळ्यांसमोर तोंड वर करून सांगायचं काय? की नाही मामी, नवसबिवस काही नाही, मी बायकोला घेऊन मजा करायला आलोय? ट्रेलरचा ब्रेक फेल झाला असता तरी केतनच्या कपाळावर इतका घाम आला नसता.

"व्हय मामी," तो म्हणाला. "नवसच."

"अहो!" कल्पिता म्हणाली. ती एरवी त्याला केतन म्हणायची. चारचौघांत अहो म्हणायची. आणि हे 'अहो' ऐकून ओटीवरचं मांजर उठून गेलं.

तिने त्याला हाताला धरून विहिरीपाशी नेलं. "काय बोललास तू? आपण मुलाचा विचारच अजून केलेला नाही! मी काय दोन वर्षं उपासतापास करतेय?"

"अगं, होडी निघाली की संपलं! बेटावर दोघंच असणार. एक नारळ फोडू, की दिवसभर आपणच! मामा होडीतच झोपतात."

पण होडी निघायला भरती यावी लागते. खाडीत पाणी नव्हतं. मामांची होडी चिखलात म्हशीसारखी कलंडून पडली होती. "पानी चढला की निगू," मामा म्हणाले. तोवर तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, सुकटीची चटणी झाली, आणि एकेक शेजारीण येऊन कल्पिताला उपाय सांगून गेली. एकीने कसलंसं मूळ आणलं. दुसरीने सांगितलं, डाव्या कुशीवर झोपत जा. तिसरीने कशावर झोपायचं ते सोडून बाकी सगळं सांगितलं. कल्पिता मान डोलावत होती आणि टेबलाखालून केतनच्या पायावर टाच दाबत होती.

त्यातच मामींनी तिचा झगा बदलायला लावला. "ह्या झबल्यात देवाला जातंस? बेटोबा घाबरंल!" पाच मिनिटांत कल्पिता मामींच्या हिरव्यागार लुगड्यात होती. टोपी मात्र कामाला आली. तिच्यात नारळ मावले.

पाणी चढू लागलं आणि सगळे किनाऱ्यावर आले. सगळे म्हणजे खरंच सगळे!

"ही मंडळी?" कल्पिताने विचारलं.

"होडी जातंच हाय, तर रिकामी कनाला न्यावी?" मामी म्हणाल्या. बेटोबाकडे जाणारी होडी रिकामी न्यायची नाही, अशी तिथली रीत होती. ज्यांचे नवस फेडायचे राहिले होते, ते सगळे बोचकी घेऊन हजर झाले होते. मनुबाई नावाच्या म्हाताऱ्या आजींनी एक कोंबडा आणला होता. त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे तो कल्पिताच्या मांडीवर बसला.

तरी अजून आशा होती. बेट मोठं असेल, एखादा कोपरा मिळेल! इतक्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. पांढरी ट्रॅव्हलर वाळूपर्यंत येऊन थांबली, दार सरकलं, आणि आधी एक परिचित खोकला ऐकू आला.

सासूबाई!

त्यांच्यामागून जावा उतरल्या, आत्या उतरल्या, दीर उतरला, बेंजो घेतलेले दोन ड्रायव्हर उतरले. कल्पिताने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि नाद सोडला.

"मामी, तुम्ही आईला फोन केलात?" केतनने विचारलं.

"मंग? आयशीला नको सांगू? मामानी सांगितला, कोनाला सांगू नको. म्हनून मी फक्त तुझ्या आयशीला सांगितला. काल रातीच!"

सासूबाई थेट कल्पितासमोर आल्या. त्या रागावल्या असतील असं तिला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांनी तिला कोंबड्यासकट मिठी मारली. "पोरी, एवढा मनाला लावून घेतलास, आनि मना एका शब्दानी बोलली न्हाईस? एकटीनी नवस बोलाला निगालीस? आमी काय मेलो काय?"

आपल्याला माया वाटतेय की संताप येतोय, हे कल्पितालाही कळलं नाही. समोर ही बाई खरोखर रडत होती. रडणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही, आणि ओरडल्याशिवाय तर राहवत नव्हतं! तिने रागाने केतनकडे पाहिलं. तो बेंजो होडीत चढवायला मदत करत होता.

दुसरी होडी आली. मग तिसरी आली. पंधरा मिनिटांच्या त्या प्रवासात लाट आली की नारळ एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला, आणि कोंबडा कल्पिताच्या डोक्यावर. समोर माडबेट दिसत होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, वाऱ्यावर डुलणारे माड. तिने मैत्रिणींच्या फोटोंत पाहिलं होतं अगदी तसं. फक्त त्या फोटोंत कोणी चुलीसाठी दगड मांडत नव्हतं.

बेटोबाचं देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि वर कौलं. पुजारी म्हणून मामाच उभे राहिले. "ऐका! नवस जोडप्यानी आपल्या तोंडानी बोलायचा. मोठ्यानी. जमलेली सगली मानसा साक्षीदार. आनि एकदा बोलला, की फिरवाचा न्हाय!"

केतन पुढे झाला. ऐंशी डोळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! खणखणीत आवाजात तो म्हणाला, "बेटोबा, आमच्या घरात पाळणा हलू दे! दरवर्षी सुट्टी काढून, बायकोला आणि अख्ख्या गोतावळ्याला घेऊन तुझ्या बेटावर येईन! पाच दिवस राहीन!"

"वाऽऽ!" गर्दी ओरडली. बेंजो वाजला.

कल्पिताला समोर पुढची तीस वर्षं दिसली. दरवर्षीची रजा, दरवर्षीची ट्रॅव्हलर, दरवर्षीचा कोंबडा. तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"आता तू बोल गो बाय," मामी म्हणाल्या.

कल्पिताने पदर खोचला. "बेटोबा!" ती इतक्या जोरात म्हणाली, की बेंजो आपोआप थांबला. "ह्या सगळ्यांना आमच्या घरात मूल हवंय. पण आमच्या खोलीतून मिरच्या जातात! पापड जातात! रविवारी सुका बोंबील जातो! कडी लावली तर विचारतात, बरं नाही काय? दोन वर्षांत आम्ही दोघं एकटे कधी बसलो नाही. आज बसायला आलो, तर तीन होड्या भरून माणसं! मग मूल काय, बँकेतून काढून आणू? मूल हवं असेल, तर आधी आम्हाला एकटं सोडायला सांग ह्यांना!"

पुढे काय झालं ते सांगायची सोय नाही, कारण काहीच झालं नाही. मनुबाईंनी कोंबड्याची चोच धरली. केतन देवळाच्या खांबामागे शिरायचा प्रयत्न करत होता. खांब बारीक होता. आणि कल्पिताचे कान तापून लाल झाले. आपण हे काय बोलून बसलो? सासूसमोर? देवासमोर?

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलू लागले. त्या रडताहेत असं आधी सगळ्यांना वाटलं. पण त्या हसत होत्या, अगदी पोट धरून. "बरोबर बोलली माझी सून! चूक आमची हाय! आनि आता देवाच्या म्होरं बोलली, म्हंजे पाळाला पायजे."

कल्पिताचा जीव भांड्यात पडला. जिंकलो! तिच्या मनात आलं, आता ही सगळी मंडळी होडीत बसतील, उरणला जातील, आणि उद्या संध्याकाळपर्यंत हे बेट, ते बेट, आपण आणि समुद्र!

पण आगरी माणूस देवाचा शब्द घाईघाईत उरकत नाही. जबाबदारीने पार पाडतो.

जेवणं झाल्यावर तिन्ही होड्या गावाकडे परतल्या, आणि टळटळीत दुपारी तीन वाजता धर्मामामांच्या घरातली माडीवरची खोली रिकामी करण्यात आली. गादीवर नवी चादर आली. उशाशी पाण्याची कळशी आली, वर पेला आला. केतन आणि कल्पिताला सगळ्यांनी मिळून जिन्यापर्यंत पोचवलं. जावांनी तोंडं फिरवली. दिराने जिन्याकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघितलं. दार लागलं. आणि मग अख्खं घर खाली बसून शांतता पाळू लागलं.

त्या शांततेइतका आवाज कल्पिताने आयुष्यात ऐकला नव्हता.

"अरं, टीवी बंद कर!"

"चप्पल काड रं, चप्पल! वाजते!"

"त्या पोराला किनाऱ्यावर न्या. रडत ऱ्हायला तर वरती तरास व्हईल!"

शेवटच्या पायरीवर सासूबाई स्वतः पहाऱ्याला बसल्या होत्या. अधूनमधून कोणी "सामान घ्यायचाय" म्हणून जिन्याकडे सरकलं, की "मागं फिर! नवस हाय!" असा दबका हुकूम सुटायचा.

कल्पिता पलंगाच्या या टोकाला बसली होती, केतन त्या टोकाला. पलंग जुना होता. कोणी नुसता श्वास घेतला तरी कुरकुरायचा. त्यामुळे दोघंही श्वास बेताने घेत होती. खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि त्यात लांबवर एक, दोन, तीन बेटं. तिथे या क्षणी चिटपाखरू नव्हतं.

मग केतन हळूच कुजबुजला, "काही म्हण, पण मिळाला की नाही एकांत?"

कल्पिताने उशी उचलली आणि होती नव्हती ती शक्ती लावून त्याच्या तोंडावर फेकली. त्याने मान चुकवली. उशी कळशीवर, पेला जमिनीवर, कळशी आडवी! पाण्याचा लोट दाराखालून जिन्यावर गेला.

खालून धर्मामामांचा आवाज आला, जमेल तेवढा हळू, म्हणजे किनाऱ्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"केतन! घाबरू नको रं! काय लागला तर हाक मार, आमी सगली हितंच हाव!"