दुष्काळाच्या पानावरचा पूर

पाहणीचा पाठ घ्यावा तर मीच घ्यावा, हे आधीच सांगून ठेवते. सोलापुरात माझा तास बघायला आलेले साहेब घंटा झाली तरी जागचे उठले नव्हते. आता त्यांना डुलकी लागली होती असं काही सहकारी म्हणतात. जळणारे सगळीकडे असतात, त्यांचं सोडा.

नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली आणि मला वेलचेरीतल्या एका शाळेत नोकरी लागली. बी.एड. होतंच. त्यावर मी दूरशिक्षणाने समावेशक शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला. म्हणजे पोस्टाने पुस्तकांचा गठ्ठा येतो आणि एका हाताने फोडणी देत दुसऱ्या हाताने 'अध्ययन अक्षमता' वाचायची. ज्या मुलांना वेगळं काढून ठेवतात त्यांना सगळ्यांबरोबर कसं शिकवायचं, याचं हे शास्त्र. माझा नवरा उन्मेष म्हणाला, "आधी माझ्या आईचा आपल्या घरात समावेश करून दाखव." असल्या माणसाकडे लक्ष द्यायचं नसतं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्यक्ष पाठ असतो. वर्गात अडचण असलेलं एक मूल हवं, त्याला बरोबर घेऊन शिकवायचं आणि केंद्राचे परीक्षक मागच्या बाकावर बसून बघणार. माझ्याकडे शरण्या होती. नववीतली, तंजावरकडच्या मराठी घरातली. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, पण सूर सगळा तमिळ. पोरगी हुशार, एकदा ऐकलेलं विसरत नाही. पण छापलेलं पान समोर आलं की संपलं. एक ओळ वाचताना घामाघूम होते, आणि वाचून झाल्यावर तीत काय होतं ते तिला सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी तिची दहावी. अशा मुलांना परीक्षेत प्रश्न वाचून दाखवणारा माणूस मिळतो, पण त्यासाठी शाळेची शिफारस लागते. आमच्या मुख्याध्यापिका विद्यालक्ष्मी मॅडम शिफारस द्यायला तयार नव्हत्या. शंभर टक्के निकालाची शाळा! त्यांचं म्हणणं, आईवडिलांना बोलवा आणि दाखला हातात द्या. मी खूप भांडले, तेव्हा म्हणाल्या, "ठीक आहे विद्युलता. तुमच्या त्या पाठाला मीही बसते. तिची अडचण आणि तुमचा उपाय, दोन्ही मला दिसू देत. दिसलं तर सही करते."

मी म्हटलं, बस्स, झालंच काम. शरण्या आधी अडखळेल, मग मी तिला ओळीवर धरायची रंगीत पट्टी देईन, शेजारीण हळूच वाचून दाखवेल, आणि ती उत्तर देईल. माझी पदवी पक्की, तिची दहावी पक्की.

आता, आम्ही बी.एड. झालेली माणसं. पाहणीचा पाठ तालमीशिवाय घ्यायचा म्हणजे मांडवात नवरदेव प्रथमच बघण्यासारखं. मी वर्गाची तालीम सुरू केली. हात कुणी वर करायचा, चुकीचं उत्तर कुणी द्यायचं (सगळी बरोबर आली की परीक्षकांना संशय येतो), टाळ्या कधी वाजवायच्या, सगळं ठरलं. धडा निवडला पुराचा. वेलचेरीच्या मुलांना पूर शिकवावा लागत नाही, आभाळ भरून आलं की त्यांचे बाप आपणहून गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. शरण्याच्या वाट्याला पुराचा एक परिच्छेद आला. रोज तोच. रोज ती अडखळायची आणि मी मनातल्या मनात खूश व्हायची.

फक्त, अडखळणं कशासाठी हवंय ते मी तिला सांगितलं नाही. कसं सांगणार? मुलाला त्याची उणीव तोंडावर सांगू नये, असं आमच्या पुस्तकात ठळक अक्षरात आहे. मी एवढंच म्हटलं, "जमेल तसं वाच हं." वर्गातल्या मुलींना असलं पुस्तक नव्हतं. शेवटच्या तालमीनंतर त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं, "तू घोटाळा केलास तर मिस नापास होतील."

पाठाच्या दिवशी शेषगिरी सर आले. सज्जन, थकलेले परीक्षक, दुपारी दुसऱ्या शाळेत आणखी एक पाठ बघायचा होता. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. ठरलेले हात वर झाले, ठरलेलं चुकीचं उत्तर आलं. मग मी गोड आवाजात म्हटलं, "शरण्या, आता तू."

शरण्या उभी राहिली. पुस्तक छातीशी धरलं आणि बातम्या द्याव्यात तसा अख्खा परिच्छेद धडाधड म्हणून टाकला. कुठे थांबणं नाही, कुठे चूक नाही. माझ्या हातातली रंगीत पट्टी हातातच राहिली. वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्याही ठरलेल्या जागी.

शेषगिरी सरांनी चष्मा वर केला. "अडचण असलेली विद्यार्थिनी कुठली?"

"हीच, सर."

"वा," ते म्हणाले, आणि लिहायला लागले. मॅडम माझ्याकडे बघून मंद हसल्या. शिफारस नाकारताना त्या असंच हसल्या होत्या.

आता एकच मार्ग होता. समावेशक शिक्षण शिकलेल्या मी, भर वर्गात, पाहुण्यांसमोर, ज्या गोष्टीने त्या पोरीला रडू येतं तीच तिच्याकडून करून घ्यायची. मी पुढे गेले आणि पान उलटलं. दुष्काळाचं पान. वर भेगाळलेल्या जमिनीचं मोठं चित्र.

"हे वाच बरं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच आवडला नाही.

तिने पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिचे ओठ पांढरे पडले होते. एका हाताने तिने माझ्या पदराचं टोक गच्च पकडलं, आणि त्या भेगाळलेल्या जमिनीवर नजर लावून वाचायला सुरुवात केली, "नदीचे पाणी पात्राबाहेर आले आणि सखल भागातील घरांत शिरले..."

सगळ्यांच्या समोर तेच पान उघडं होतं. एक पोर हसलं नाही. मागे बसलेल्या दोघांकडे पुस्तकच नव्हतं, मी तोच परिच्छेद पुन्हा वाचून घेतेय असं त्यांना वाटलं.

मी नुसतं म्हणायचं होतं, "सर, पान बघा." तोंड उघडलंही होतं. पण पदर सुटेना. ती शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि मी उभी राहिले. परत टाळ्या पडल्या. या मात्र ठरलेल्या नव्हत्या.

पाहुणे गेल्यावर मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं ओकले. तालीम, पाठांतर, दुष्काळाचं पान, सगळं. माझी पदवी गेली तर जाऊ दे म्हटलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तिने न वाचता सगळं पाठ केलं?"

"हो, मॅडम. तिला खरंच वाचता येत नाही."

"एवढं पाठ होतं, तर वाचून दाखवायला माणूस कशाला? दहावीचंही पाठ करेल."

"पण प्रश्न कोण वाचणार?"

"परीक्षकांनी 'अस्खलित वाचन' असं लिहून दिलंय, विद्युलता. त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं का?"

फाटकाशी शरण्या आणि तिची आई अंबुजाबाई उभ्या होत्या. बाईंच्या हातात म्हैसूरपाकाचा डबा. "टीचर, काल सांजभर मी वाचायची, ही ऐकून म्हणायची," त्या कौतुकाने सांगू लागल्या. "जेवायलासुद्धा उठत नव्हती. म्हणे, मिस पास झाल्या पाहिजेत."

"मिस, चुकलं नाही ना कुठे?" शरण्याने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "एक अक्षर चुकलं नाही." आणि रिक्षात बसून वेलचेरी स्टेशनपर्यंत रडले. शेअर रिक्षा होती. बाकीच्यांनी सरकून जागा दिली.

शिफारस गेली नाही. वार्षिक परीक्षेत शरण्या चार विषयांत नापास झाली. अंबुजाबाई दाखला घेऊन गेल्या, मी भेटायला खाली उतरेपर्यंत निघूनही गेल्या. मी मात्र पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, प्रत्यक्ष पाठाला विशेष प्रावीण्य. मॅडमनी मला शाळेच्या नव्या समावेशक शिक्षण विभागाची प्रमुख नेमलं. स्वतंत्र खोली दिली, दारावर पितळी पाटी लावली. पाहुणे आले की त्या सांगतात, आमच्याकडे अशा मुलांची काही म्हणजे काही तक्रार नाही.

खोटं नाही ते. विभागात मी एकटीच असते.