बुडबुडे मोजणारे गित्ते सर

सिरसाळ्याच्या बाजारात सोड्याची बाटली फोडल्याबरोबर लोक ती तोंडाला लावतात. आमचे शेजारी गित्ते सर घड्याळ लावतात. मिनिटाला किती बुडबुडे वर आले हे मोजून झालं, की तो गॅस उडालेला सोडा शांतपणे पितात आणि दुकानदाराला बजावतात, "बुडबुडा खोटं बोलत न्हाई." दुकानदाराने तसा आरोप कधीच केलेला नसतो.

सर हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी मनीषा पुण्यात पीएचडी करते. धातू आणि सिलिकॉनची संयुगं वापरून पाण्यातून स्वस्तात हायड्रोजन कसा काढायचा, हा तिचा विषय. दर रविवारी तिचा फोन येतो. "जेवलात का? गोळ्या घेतल्या? बरं, ठेवते." संपलं! या दोन मिनिटांची निदान पाच व्हावीत म्हणून सरांनी तिचा विषय शिकायला घेतला आणि त्यांना त्याचं वेडच लागलं.

आता ते दिसेल त्याला धरतात. परवा वाळूचा ट्रॅक्टर भर रस्त्यात थांबवला. "थांब बे! मागं काय भरलंय म्हाईत हाय का? वाळूत सिलिकॉन हाय, सिलिकॉन! पाणी लई हट्टी असतंय. हायड्रोजन सोडायला त्याला प्लॅटिनम लागतं, ते परवडतंय कुनाला? आमच्या मनीनं निकेल आन् सिलिकॉनचं लगीन लावलं. ही जोडी पाण्याला राजी करती!" ड्रायव्हर म्हणाला, "सर, वाळूची सरकारी पावती हाय माज्याकडं," आणि सुसाट निघून गेला.

दिवाळीला मनीषाने प्रयोगातून उरलेली एक पट्टी त्यांना दिली. निकेलची, बोटाएवढी, वर सिलिसाइडचा, म्हणजे त्याच निकेल-सिलिकॉनच्या जोडीचा, काळा थर. सरांनी लोणच्याच्या बरणीत कास्टिक सोड्याचं पाणी केलं, मोटारसायकलची बॅटरी जोडली आणि मला हाताला धरून ओढत नेलं. "चहा ऱ्हाऊ द्या, आदी हे बगा!" काळ्या पट्टीभोवती पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. शेजारच्या बरणीतल्या साध्या निकेलवर मात्र तुरळक बुडबुडे. खोटं कशाला सांगू, मीही टाळ्या वाजवल्या. "रविवारी व्हिडिओवर दावतो मनीला. मंग बगतो कशी फोन ठिवती!"

शनिवारी सरांनी पट्टी धुऊन आमच्या सामाईक नळाशी वाळत ठेवली. तिथेच माझी आई भांडी घासत होती. तासाभराने ती पट्टी घेऊन सरांच्या दारात आली. मी तिथेच बसलो होतो.

"किती काळी करून ठिवलती हो मास्तर! राखेनं घासून लख केली बगा."

मी आईवर ओरडणार, तेवढ्यात सरांनी माझा दंड दाबला. "लई ब्येस निघाली, मावशी," ते म्हणाले.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसलो. फोन आला, सरांनी स्पीकर लावला. "मने, चूक झाली. माज्या हातून पट्टी घासली गेली. काथ्यानं. राखेनं."

पलीकडून प्रश्न आला, "आता बुडबुडे येतात का, आप्पा?"

"निम्म्यावर आले."

"आणि साध्या निकेलवर?"

"त्याच्या दुप्पट तरी हायेतच की हिच्यावर."

"आप्पा!" मनीषा एवढ्यांदा ओरडली की मीच दचकलो. "म्हणजे थर अजून आहे? राखेने घासूनसुद्धा? अहो, तो टिकत नाही म्हणून आम्ही इथे डोकं फोडतोय! आधी सांगा, किती वेळ घासली?"

सरांनी मला ढोसलं. मी पळत जाऊन आईला विचारून आलो. मग मनीषा जी सुटली! भट्टी, थराची जाडी, तिचे गाईड, मेसची भाजी, खोलीतली घोरणारी मैत्रीण. सर नुसते "हं, मंग?" म्हणत होते. माझा चहा झाला, त्यांचा गार झाला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "सगळं कळलं का?"

"निम्मं कळलं न्हाई." सरांनी डोळे पुसले. "पन थेट तिच्या आईवानी बोलती. चार वर्सांनी ह्या घरात कुनीतरी बोललं बगा."