महाजन सरांची दोन मिनिटं

लोधीपुऱ्यात महाजन सरांचा मोबाइल अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर, पिशवीत लटकलेला असतो. फोन वाजला की सर काठीने बटण दाबून स्पीकर लावतात, पाच पावलं मागे सरतात आणि तिथून ओरडून बोलतात. त्यामुळे त्यांना कोणता मलम लागू पडला हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं.

"भई, मेंदू शिजतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. फोन खिशात ठेवणारा माणूस दिसला की ते त्याच्या छातीकडे असं बघतात, जणू तिथे विंचू बसलाय.

याच सरांनी मला भौतिकशास्त्र शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझा फॉर्मसुद्धा सरांनीच भरला. म्हणून एकदा भीत भीत म्हणालो, "सर, या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात, त्यांच्यात तेवढा जोर नसतो, असं तुम्हीच शिकवलं होतं. अपाय होतो हे अजून सिद्धही झालेलं नाही."

सर म्हणाले, "ते परीक्षेपुरतं बरोबर आहे."

त्यांची एकुलती मुलगी, शुभाताई, जळगावला सासरी असते. तिला दिवस गेले तेव्हापासून सरांनी तिच्या फोनला दोन मिनिटांची मर्यादा घातली. घड्याळ बघायचे आणि "ठेव आता" म्हणायचे. पोटातल्या बाळाला लहरी लागतील ही त्यांची भीती. पण कारण सांगितलं तर पोर घाबरेल, म्हणून तेही सांगायचे नाहीत.

सातवा लागला तसा शुभाताईचा मला फोन आला. म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मी सासरीच राहते. आई असती तर गोष्ट वेगळी होती. "बाबांना माझं ओझं वाटतं रे. दोन मिनिटांच्या वर बोलवत नाही त्यांना माझ्याशी."

मी सांगायला गेलो तर सर घरी नव्हते. शेजारच्या मालतीकाकूंकडे बसले होते. काकू पाटावर पाय पसरून नातवाला न्हाऊ घालत होत्या आणि सर उंबऱ्यावर वही घेऊन लिहीत होते.

काकू मला म्हणाल्या, "आठ दिवस झाले, रोज येतात नं बाबू. काल तर पाणी किती गरम ते थर्मामीटरने बघितलं यांनी. पोरगं माझं की प्रयोगशाळेतलं, तेच कळत नाही."

मी ताईचं म्हणणं सांगितलं. सरांनी वही मिटून काखेत घातली. मग उठून आपल्या अंगणात गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि ताईचा नंबर लावला.

"शुभे, तुझी आई असताना मी तुला एकदाही न्हाऊ घातलं नाही. वेळच आली नाही. आता शिकतोय. मान धरताना हात कापतो, बाकी जमतं. तू ये बेटा. घरात बोलायला कुणी नसतं."

पलीकडे ताई रडत होती की हसत होती, मला कळेना. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काय काय शिकलात, बाबा?"

सर पायरीवर बसले, मांडीवर वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचू लागले.