मगनचा उपास

आरती चालू असतानाच मगनने सोनीला गिळलं. पूर्ण नाही, अर्धं. सोनीचं डोकं आत, शेपटी बाहेर, आणि ती शेपटी हलत होती.

टाळ माझ्या हातात होते, घंटा वामनभावजींच्या. त्यांनी टाकीकडे बघितलं, घंटा तशीच वाजवत राहिले आणि आरतीच्या चालीतच म्हणाले, "वहिनी, सोनी..."

"आरती मधे सोडायची नाही," मी म्हटलं.

तीन कडवी राहिली होती. तेवढा वेळ ती शेपटी हलत होती. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना मी स्वतःला बाजूला ठेवलं तर ते खोटं होईल.

मगन आणि सोनी हे मासे. वामनभावजी माझे धाकटे दीर. अंबरनाथला आमची दारं समोरासमोर आहेत, मधे सात पावलं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भावजी टाइमकीपर होते. कोण कधी आला, कोण कधी गेला, कोणी खाडा केला, हे लिहायचं काम. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. बिल्डिंगचा वॉचमन चार मिनिटं उशिरा आला की हे जिन्यात उभे. "चार मिनिटं," एवढंच म्हणायचे. ओरडणं नाही, शिवी नाही. वॉचमन मला म्हणाला, "आजी, साहब गाली देते तो अच्छा लगता."

कशालाही त्यांचं उत्तर एकच, "नोंद घेतली." आमटी खारट झालीय म्हणा, नोंद घेतली. पंखा उगाच फिरतोय म्हणा, नोंद घेतली, पंखा फिरतच. माझी जाऊ सुनंदा हसायची. म्हणायची, "मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही हेच म्हणाले. माझे वडील आठ दिवस अर्थ लावत बसले होते."

टाकी ही सुनंदाची हौस. सोनीला तिने उल्हासनगरहून, कॅम्प पाचमधून आणलं. पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने आली. तेव्हा तो केशरी गोल्डफिश बोटाच्या पेराएवढा होता. सुनंदा गेली तोवर सोनी तळहाताएवढी झाली होती. त्यांना मूलबाळ नाही. सुनंदाने हाताने वाढवलेलं, जिवंत असं घरात तेवढंच उरलं.

मग टाकीचा कारभार भावजींकडे आला आणि तिचा कारखाना झाला. सकाळी सातला हजेरी. "सोनी?" म्हणायचे आणि थांबायचे. ती इकडे वळली की, "हजर." एकटी बरी दिसत नाही म्हणून सहा गप्पी आणले, चार काळे मोली आणले. सगळ्यांची हजेरी. माझा मुलगा महेश म्हणायचा, "काका, यांना ओव्हरटाइम पण देता का?"

"मागितला नाही अजून," भावजी म्हणायचे.

तळाशी साचलेलं खायला म्हणून कॅम्प पाचच्या त्या मासेवाल्या हिरोसेठने त्यांना एक कॅटफिश दिला. "साईं, नीचे का कचरा खाएगा, छोटा ही रहेगा." तेव्हा होता बोटाएवढा. लाल शेपटी आणि मोठ्या माणसासारख्या मिशा. कारखान्यातल्या एका बॉयलरवाल्याच्या मिशा तशा होत्या, म्हणून नाव मगन.

छोटा कसला राहतोय! वर्षात हातभर झाला. मी बघितलं आणि सांगितलं, "भावजी, हा शिंगाळ्याच्या भावकीतला आहे. माझ्या माहेरी वांगणीला असले जाळ्यात लागले की आम्ही कालवण करायचो. याच्या तोंडात जे मावेल ते हा खाणार."

"वहिनी, तो शिस्तीचा आहे."

मग गप्पी कमी व्हायला लागले. सहाचे पाच, पाचाचे तीन. भावजी सोफा सरकवून खाली बघायचे. वरच्या मजल्यावरच्या मांजरावर संशय घेतला. टाकीवर जाळी बसवली, तिला कुलूप घातलं. तरी मोली गेले. मगन तळाशी आडवा, पोट मडक्यासारखं.

"तो बघा, झोपलाय बिचारा," भावजी म्हणायचे.

"आणि मोली कुठे गेले?"

"न सांगता गेले. कारखान्यातही अशी माणसं असायची."

शेवटचा गप्पी मगनच्या तोंडात शिरताना त्यांनी स्वतः बघितला. त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, "वांगणीला एकाचं शेततळं आहे, तिथे सोडून या त्याला." तर म्हणाले, "नोंद घेतली." आणि उठून हिरोसेठकडे गेले. तो म्हणाला, पेट भर खिलाओ, फिर किसी को हाथ नहीं लगाएगा. तेव्हापासून बाजारातून रोज कोलंबी. दुपारी चारच्या ठोक्याला सोललेली वाटीभर. सोफा विकून त्या जागी सहा फुटांची टाकी आली. आणि खरंच, दीड वर्ष सोनीच्या खवल्याला धक्का लागला नाही. सोनी वर, मगन खाली.

त्या वर्षी माझ्या घरात स्लॅबचं काम निघालं, म्हणून गणपती भावजींकडे बसवला. पाच दिवसांचा. टाकी हलण्यासारखी नव्हती. मखर तिच्या शेजारीच केलं. पहिल्याच दिवशी चारला भावजींनी फ्रिजमधून कोलंबी काढली.

"हे काय?"

"मगनची वेळ झाली."

"बाप्पा बसलेत. बाप्पा असताना आमच्या घरात वासाचं काही चढत नाही. सासूबाईंपासूनचं आहे. ते आधी बाहेर काढा."

"वहिनी, त्याला उपास कळत नाही."

"पाच दिवसांत कळेल. आणि उपाशी कुठे ठेवतेय? मी देते जेवायला."

मी त्याला भिजवलेली चणाडाळ घातली. उकडलेले वाटाणे घातले. दुसऱ्या दिवशी एक मोदक घातला. मगनने तो तोंडात घेतला, विचार केल्यासारखा थांबला आणि सगळा बाहेर सोडला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. भावजी दोन तास पाणी उपसत होते.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, बादलीत घालून गच्चीवर नेतो. तिथे खाईल. घरात काही येणार नाही."

"माशाला जेवायला गच्चीवर नेणारे तुम्ही पहिलेच. लोक हसतील. दोन दिवस राहिलेत."

त्यांनी ऐकलं. त्यांनी माझं नेहमीच ऐकलं. मी या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते. मी दुपारी तासभर आडवी व्हायचे, तेव्हा दोन कोलंब्या टाकल्या असत्या तर मला कळलंही नसतं. टाकल्या नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला काय झालं ते सांगितलंच आहे.

आरती संपली तेव्हा मगन कुशीवर पडला होता. सोनीच्या पाठीवरचा काटा त्याच्या घशात रुतला होता. तिला आत जाता येईना, बाहेर येता येईना. त्याला तोंड मिटता येईना. भावजींनी सदऱ्याची बाही वर न करताच हात पाण्यात घातला आणि त्याला धरलं. महेशने हिरोसेठला फोन लावला.

"दोनों नहीं बचेंगे," तो म्हणाला. "बड़ा चाहिए तो छोटी को कैंची से काटो. छोटी चाहिए तो पीछे खींचो, मगर बड़े का गलफड़ा फट जाएगा. जल्दी करो, साईं."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, कुणाला?"

"विचारताय काय? सुनंदाची सोनी आहे ती. ओढा."

त्यांनी ओढलं. पाणी लाल झालं.

मगन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळाशी कल्ले हलवत होता, मग थांबला. तो विसर्जनाचा दिवस. बाप्पाला घेऊन आम्हीच गेलो, भावजी आले नाहीत. परत आलो तर ते टाकीसमोर खुर्चीत बसलेले. शेजारी बादली, तिच्यावर ओला पंचा. गोड बोलायला मला जमत नाही. मी म्हटलं, "भावजी, मासाच होता."

"हो," ते म्हणाले. बादलीवरचा पंचा नीट केला. "सोनी सुनंदाची. तिला मी बघायचो. ती मला बघायची नाही, खाण्यापुरती वळायची. हा मात्र चारला खुर्ची ओढल्याचा आवाज आला की काचेपाशी यायचा. कोलंबी संपली तरी जायचा नाही. मी उठेपर्यंत काचेला तोंड लावून थांबायचा. सुनंदा गेल्यापासून माझ्याकडे आपणहून येणारा तेवढाच होता, वहिनी."

"मग काल बोलला का नाहीत? निवड तुमची होती."

"तुम्ही सुनंदाचं नाव घेतलंत. त्यावर काय बोलणार?"

उपास मी घातला, आरती मी थांबवू दिली नाही, आणि ओढा म्हटलं तेही मीच. सुनंदाचं ते मोलाचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. या माणसाचं स्वतःचं असंही काही असेल, हे मनातच आलं नाही. सुनंदा गेल्यापासूनच्या चार वर्षांत मी त्या घरात गेले ती पंखा बंद करा सांगायला, नाहीतर मासा सोडून या सांगायला. नुसतं बसायला एकदाही गेले नाही. आता चहा घेऊन जाते. ते घेतात, कप विसळून परत देतात. बसा म्हणत नाहीत. मी बसते.

मगनला त्यांनी बिल्डिंगच्या मागे पुरलं. खड्डा स्वतः खणला, महेशला हात लावू दिला नाही. टाकी तेवढीच मोठी आहे. सोनीच्या एका बाजूचे खवले पुन्हा आले नाहीत, ती जरा कलती पोहते, कोणीही दाणे टाकले तरी खाते. ती जगली.