अनवाणी घोडीचा नवस

पाय अनवाणी असण्याची कारणे आपल्याकडे दोनच: गरिबी किंवा नवस. (देवळाबाहेरून चप्पल चोरीला जाणे दोन्हींत मोडते.) उड्या मारणाऱ्या घोड्याला नाल ठोकावी की बिननालेचा ठेवावा, यावर जगभरचे तज्ज्ञ भांडत असतील. बुलढाण्याच्या अडथळा-उडी स्पर्धा समितीने हा प्रश्न एका सकाळीत सोडवला, ही जिल्ह्याला अभिमानाचीच बाब आहे.

दुसरबीडची धम्मशीला आपली घोडी ठिणगी हिला घेऊन आली. राज्याच्या संघात जाण्याची धम्मशीलाची ही शेवटची संधी; पुढच्या वर्षी तिचे वय अटीत बसणार नव्हते. बाकी घोड्यांना नाल, ठिणगीचे खूर मोकळे. समितीचे अध्यक्ष भालचंद्र सर (अश्वानुभव: स्वतःच्या लग्नाची वरात) यांनी गंभीरपणे विचारले, "घोडी अनवाणी आहे. कसला नवस?"

"नवस कायचा, सर! तिचे खूर पक्के हायेत. बिननालेचीच चांगली उडते. मले फक्त उडी मारू द्या."

नवस सांगितला की फळत नाही, हे सर जाणून होते. त्यामुळे नकारानेच त्यांची खात्री पटली. (बुद्धविहारात वाढलेली मुलगी नवस बोलते, म्हणजे तो केवढा कडक असेल!)

बातमी पसरली. प्रेक्षकांतल्या सोजराबाई नारळ घेऊन आल्या आणि घोडीच्या पाया पडल्या. पाय चार असल्याने वेळ लागला. नालवाल्या घोड्यांचे मालक आपापल्या जनावराकडे संशयाने पाहू लागले. नव्वद टक्के प्रेक्षकांनी चपला काढल्या, उरलेल्यांनी त्या सांभाळल्या.

समितीची तातडीची बैठक झाली. ठराव एकमताने मंजूर: नवसाच्या जिवाला अडथळा आणणे उचित नव्हे, सबब मैदानातील सर्व अडथळे तत्काळ हटवावेत. दांडे उचलले गेले. त्यांचा छान मांडव झाला.

"अहो सर, अडथळेच नाहीत तं उडी कायच्यावरून मारू?" धम्मशीलाचा आवाज रडवेला झाला. सरांना तो भक्तीचा गहिवर वाटला. त्यांनी हात जोडले.

ठिणगी मोकळ्या मैदानातून सुरेख धावली. ध्वनिक्षेपकावर निकाल जाहीर झाला: चुका शून्य, उड्या शून्य, निवड नाही.

पोरीवर अन्याय झाला, असे तुम्हाला वाटत असेल. वाटायलाच हवे. पण खरे सांगा, इथवर येताना मनातल्या मनात तुम्हीही एकदा विचारलेच ना, की घोडीचा नवस नेमका काय असेल? मग लाजू नका, घोडीच्या दर्शनाच्या रांगेत या. सगळ्यात पुढे समिती आहे.